अकरा नंबरची पट्टी

जोतीराम साळोखेचा बेंजो एकदा जवळून बघण्यासारखा आहे. मंगळवार पेठेतल्या त्याच्या घरी, बाहेरच्या खोलीत टीव्हीला खेटून, जुन्या टॉवेलखाली तो झाकून ठेवलेला असतो. कोल्हापूरच्या माणसाला बेंजो काय ते सांगायची गरज नाही, वरातीत त्याच्यापुढं नाचल्याशिवाय इथं लग्न झाल्यासारखंच वाटत नाही. पण परगावच्या पावण्यांसाठी सांगून ठेवतो. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरला असतात तशा पट्ट्या. डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, उजव्या हातात प्लास्टिकची पत्ती, ती तारांवर चालवायची. पट्टी दाबली की सूर बदलतो. एवढंच. एवढंच म्हणायचं आणि मग त्यात अख्खा जन्म घालवायचा.

तर जोतीरामच्या बेंजोच्या सगळ्या पट्ट्या झिजल्यात. त्यांच्यावर रंगवलेले आकडे कधीच गेलेत, पांढरा रंग गेलाय, मधल्या काही पट्ट्यांना तर बोटाच्या आकाराची खळी पडलीय. फक्त एक पट्टी नवीकोरी. अकरा नंबरची. तिच्यावरचा लाल आकडा कालच रंगवल्यासारखा दिसतो, कारण या माणसानं तिला आजवर बोट लावलेलं नाही. चुकूनसुद्धा नाही. आणि गंमत अशी की तो सूर सोडून वाजवणाऱ्या जोतीरामच्या जवळपास जाईल असा बेंजोवाला अख्ख्या जिल्ह्यात नाही. माझं म्हणणं पटत नसेल तर कसबा बावड्यापासून हातकणंगल्यापर्यंत कुणालाही विचारा.

हे खूळ कुठनं आलं ते सांगतो.

जोतीराम अठरा वर्षांचा होता, आयटीआयला फिटरचं शिकत होता. रविवारी मामाकडं हातकणंगल्याला जायचा आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचा. स्टेशनजवळ चनबसाप्पा मास्तरांचं सायकलचं दुकान होतं. मास्तर मूळचे सीमेकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि कुणी सायकलची वाट लावून आणली की शिव्या दोन्हीतनं. पंक्चर काढून झालं की ते ग्रीसचे हात फडक्याला पुसायचे आणि बाकड्यावर बेंजो घेऊन बसायचे. एका रविवारी जोतीराम दुकानापुढं उभा राहिला आणि त्याची गाडी गेली. दीड तासानं दुसरी होती, तीही गेली. तेव्हा मास्तरांनी मान वर केली.

"पावणं, कुठं जायाचं हाय?"

"कोल्हापूरला."

"मग गाडी तिकडं थांबती की. हितं न्हाय."

"व्हय," जोतीराम म्हणाला आणि बाकड्याच्या कडेला बसला.

पुढची तीन वर्षं दर रविवारी तो तिथंच बसला. मास्तरांना स्वरांची नावं येत नव्हती. त्यांनी पट्ट्यांवर आकडे रंगवले होते आणि त्या आकड्यांतच ते शिकवायचे. "सात, सात, नऊ, दहा, दहावर थांब. अरं थांब म्हटलं की, पळतोस कुठं." जोतीरामनं आकड्यांच्या वह्यांवर वह्या भरल्या. फिटरच्या वहीतसुद्धा मागच्या पानांवर हेच आकडे.

पहिल्याच दिवशी त्याचं बोट अकरावर गेलं, तेव्हा मास्तरांनी ते फटकन बाजूला केलं. "त्या पट्टीला हात लावायचा न्हाय. ती माझी हाय. येळ आली की देतो."

मास्तर स्वतःही वाजवताना ती पट्टी ओलांडून जायचे. जोतीरामनं मनाशी ठरवलं, ही यांच्याकडची रीत असणार. गुरू एक सूर स्वतःपाशी ठेवतो आणि शिष्य तयार झाला की आपल्या हातानं देतो. असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पण अठरा वर्षांच्या पोराला अशी गोष्ट मनात रचायला कितीसा वेळ लागतो? रचली आणि त्यावर विश्वासही ठेवला.

अडचण एकाच ठिकाणी यायची. मास्तरांनी स्वतः बांधलेली पाठवणीची एक चाल होती. नवरी सासरी निघाली की नाचायची गाणी बंद करायची आणि ही चाल धरायची. ती सावकाश वर चढत जाते. सात, नऊ, दहा, आणि त्यानंतर अकराच पाहिजे, दुसरं काही तिथं बसतच नाही. मास्तर त्या जागेवर आले की हात उचलायचे आणि गप्प व्हायचे. क्षणभर काहीच नाही. मग पुन्हा खाली सातावर. 

पुढं तो बावड्याच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला. स्वतःचा बेंजो घेतला, मास्तरांसारखे आकडे रंगवले. हंबीरराव ढोलवाल्याला घेऊन बेंजो पार्टी काढली. नवा बेंजो धडधाकट होता, अकरा नंबर दाबला असता तर खणखणीत वाजला असता. पण मास्तरांनी दिला कुठं होता अजून? जोतीरामनं नव्या बेंजोवरही ती पट्टी ओलांडायला सुरुवात केली. हंबीरराव म्हणायचा, "आरं, पायरी मोडल्यागत उडी का मारतोस?" जोतीराम नुसता हसायचा.

मास्तरांसारखं गप्प बसणं मात्र त्याला जमेना. चाल तिथवर चढली की नवरीकडच्या बायका जिवाचा कान करून ऐकत असायच्या, आणि हा बाबा तिथंच हात उचलणार. त्याला स्वतःचीच लाज वाटायची. मग तो त्या एका जागेच्या मागं लागला. कारखान्यातनं पाळी संपवून आला की जेवायच्या आधी तासभर तेवढंच. बायको पूर्णिमा म्हणायची, "सगळं गाणं वाजवा की एकदा. हे काय, त्याच त्याच दगडाला ठेच." किती वर्षं? दहा. दहा वर्षं एका जागेवर, लिहितानासुद्धा मला धाप लागते.

आणि एक दिवस त्याला ती सापडली. दहाची पट्टी दाबून ठेवायची, आणि पट्ट्यांच्या मागं तारेचा जो उघडा तुकडा राहतो, तो डाव्या अंगठ्यानं हळूहळू दाबत न्यायचा. तार ताणते. सूर दहावरनं उठतो, अकराच्या दिशेनं निघतो, थरथरत अगदी उंबऱ्यापर्यंत जातो. आत मात्र जात नाही. ते ऐकताना माणूस श्वास घ्यायचा विसरतो. ज्या बायकांनी जन्मात कधी गाणं म्हटलं नाही, त्या तोंडातल्या तोंडात उरलेला सूर पुरा करतात, आणि मग पदर डोळ्याला लावतात. न वाजलेला सूर शंभर माणसांना एकाच वेळी ऐकू येतो. मी हे उघड्या डोळ्यांनी पाहिलंय आणि अजून मला त्याचा उलगडा झालेला नाही.

एका लग्नात सतार शिकवणारे एक गृहस्थ वऱ्हाडात होते. पाठवणी झाल्यावर ते चपला हातात घेऊन बेंजो ठेवलेल्या हातगाड्यापाशी आले आणि जोतीरामचा डावा हात उलटा करून बघू लागले. अंगठ्याला तारेचा खोल वण. "हे या वाद्यात नाही हो," ते म्हणाले. "हे तुम्ही कुठून आणलंत?" जोतीराम म्हणाला, "मास्तरांकडनं." त्याला तसंच वाटत होतं.

पुढं डॉल्बी आली आणि बेंजोवाल्यांचे हाल सुरू झाले. पार्ट्या मोडल्या, कर्णे भंगारात गेले. जोतीरामला मात्र बोलावणं येतच राहिलं. पेठेत म्हणायचे, नाचायला डॉल्बी सांगा, रडायला जोतीराम सांगा.

दर दसऱ्याला तो हातकणंगल्याला जायचा. मास्तरांना आपट्याची पानं द्यायची, पाया पडायचं, आणि समोर बसायचं. पाठ ताठ, हात गुडघ्यावर. मास्तरांची बायको मल्लव्वा चहा द्यायची. मास्तर पावसाचं विचारायचे, कारखान्याचं विचारायचे, गुडघ्याचं सांगायचे. अकरा नंबरचं नाव काढायचे नाहीत. तास दीड तास बसून जोतीराम उठायचा. अजून आपली तयारी झालेली नाही, असं म्हणत गाडीत बसायचा आणि दुसऱ्या दिवसापासून रियाज वाढवायचा. मागायचं? छे. येळ आली की देतो म्हणालेत, म्हणजे वेळ तेच ठरवणार. अशी बेचाळीस वर्षं गेली.

मधे एकदाच त्या पट्टीला हात लागला. त्याची मुलगी स्नेहल चार वर्षांची होती. तो पाठवणीची चाल घोटत बसला होता, ती शेजारी येऊन बसली, आणि दहावरनं सूर चढायच्या वेळेला तिनं ती चकचकीत पट्टी बोटानं दाबली. सूर पुरा वाजला. जोतीरामचं अंग शहारलं. तो ओरडला नाही, रागावला नाही. त्यानं बेंजोवर टॉवेल टाकला आणि दोन दिवस तो उघडलाच नाही. स्नेहलला वाटलं, आपण काहीतरी मोडलं.

तीच स्नेहल आता अठ्ठावीस वर्षांची, आणि तिचं लग्न ठरलं. "पाठवणीला तुम्हीच वाजवायचं, पप्पा," ती म्हणाली. पूर्णिमा म्हणाली, "पोरीचा बाप हाय का बेंजोवाला? निरोप द्यायचा सोडून पट्ट्या दाबत बसणार?" पण जोतीरामच्या मनात दुसरंच चाललं होतं. आयुष्यभर लोकांच्या लेकी अर्ध्या चालीवर पाठवल्या, निदान स्वतःची तरी पुऱ्या चालीवर पाठवावी. मास्तर चौऱ्याऐंशी वर्षांचे झालेत. हातपाय थकलेत. आता नाही मागितलं तर तो सूर त्यांच्याबरोबरच जाणार. त्याला झोप लागेना. शेवटी पत्रिका आणि अक्षता घेऊन तो मिरजेच्या गाडीत बसला आणि हातकणंगल्याला उतरला.

मास्तर खाटेवर होते. मल्लव्वा खाली सुपात मूग निवडत होती.

"बा, जोत्या, कुंद्रु," मास्तर कानडीत ये, बस म्हणाले आणि खाटेवर हात आपटून जागा दाखवली.

तो बसला नाही. अक्षता दिल्या, पाया पडला आणि उभ्या उभ्याच बोलला, नाहीतर परत गप्प बसला असता. "मास्तर, एक मागायचं हाय."

"माग की."

"पोरीच्या पाठवणीला आपली चाल पुरी वाजवावी म्हणतोय. अकरा नंबर आता देता का?"

मास्तरांनी मल्लव्वाकडं बघितलं. "कसला अकरा नंबर?"

 जोतीरामनं सगळं सांगितलं. पहिला दिवस, फटकन बाजूला केलेलं बोट, ती माझी हाय, येळ आली की देतो. मल्लव्वाचा हात सुपात थांबला. मास्तरांनी आठवलं तसा कपाळावर हात मारला.

"आरं, स्प्रिंग तुटलीती तिची," ते म्हणाले.

"स्प्रिंग?"

"दाबली की वर येत न्हवती. हितं कुठं मिळंना. तू शिकायला आलास, आणि मोडक्या बेंजोवर शिकवतोय म्हणायची लाज वाटली. म्हणून म्हटलं असंल, ती माझी हाय. म्होरल्या म्हैन्यात बसवीन म्हटलं, ते ऱ्हायलंच."

जोतीराम खाटेच्या कडेवर टेकला. "मी तवा आयटीआयला होतो, मास्तर. फिटरला. एका दुपारी स्प्रिंग करून दिली असती."

"मग बोलायचं न्हाय व्हय?"

"तुम्ही तरी कुठं बोललासा?"

मल्लव्वा हसायला लागली. हसता हसता तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं. "दर दसऱ्याला येतंय, ताठ बसतंय, च्या पितंय, जातंय. मी ह्यांस्नी म्हणायची, पोराला काय तर पायजे हाय, इचारा. तर म्हणायचे, त्येला काय पायजे, मायेनं येतंय."

जोतीरामला हसू आलं नाही. कुणावर रागवायचं तेच त्याला कळेना. एका तुटलेल्या स्प्रिंगपायी उभा जन्म! कारखान्यात त्यानं कितीतरी स्प्रिंगा हातावेगळ्या केल्या असतील. 

"मग त्या जागेला तू काय करतोस?" मास्तरांनी विचारलं. "माझ्यागत गप बसतोस?"

जोतीरामनं मोबाईल काढला. हंबीररावनं मागच्या महिन्यात एका पाठवणीचं रेकॉर्डिंग करून पाठवलं होतं. मास्तरांनी फोन कानाला लावला. चाल चढत गेली. सात, नऊ, दहा. मास्तरांची बोटं पांघरुणावर आकडे मोजत होती. दहाला ती थांबली, सवयीनं वर उचलली गेली, आणि तशीच हवेत राहिली. चेहऱ्यावरचं हसू गेलं. गाणं संपलं तरी फोन कानालाच.

"परत लाव."

परत लावलं. मग तिसऱ्यांदा. मल्लव्वा आता हसत नव्हती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच की."

"मला येत न्हाय ते मी कसं शिकवीन?" मास्तरांनी त्याचा डावा हात ओढून घेतला आणि अंगठ्याच्या वणावरनं आपलं बोट फिरवलं. "जोत्या, मोडकी पट्टी झाकाय मी तिथं गप बसायचो. नुसती लबाडी. आणि तू तिचं हे केलंस?" म्हातारा रडत होता आणि ते लपवतही नव्हता. जोतीरामनं आयुष्यात बक्षिसं घेतली, फेटे बांधून घेतले, पण मास्तर आपल्याकडं मान वर करून बघताहेत, हे त्याला सोसवेना. तो खाली बघत राहिला.

तसाच तो म्हणाला, "मग आता देता न्हवं?"

"तुला न्हाय," मास्तर म्हणाले. "तुला ती आता नको. बोट अकरावर बसाय लागलं की अंगठा आळशी हुईल तुझा. ती पट्टी माझी हाय म्हणालतो न्हवं? मग मी कुणालाबी दीन. माझा आहेर म्हणून पोरीला दे. अकरा नंबर स्नेहलचा."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा स्नेहल पार्लरवालीशी फोनवर बोलत होती. "एका पट्टीचं मी काय करू, पप्पा?"

"पाठवणीला त्या जागेवर दाबायची. कुठं ते तुला ठावं हाय."

"डोळ्यांत पाणी, अंगावर शालू, सगळे मोबाईल धरून उभे, आणि मी बेंजो वाजवू?"

"एकच पट्टी हाय."

"बघू," ती म्हणाली. तो पुन्हा बोलला नाही. मागायची सवयच नाही ना.

लग्न मे महिन्यात, कसबा बावड्याच्या एका कार्यालयात झालं. मास्तर आणि मल्लव्वा पुतण्याच्या गाडीतनं आले. बेंजोच्या गाड्याजवळ मास्तरांना खुर्ची दिली. जेवणं उरकली, ऊन कलायला लागलं, नवऱ्याची फुलं लावलेली गाडी फाटकाशी आली. जोतीरामनं फेटा काढून ठेवला आणि बेंजोपाशी जाऊन बसला.

चाल सुरू झाली तशी कुजबुज थांबली. स्नेहल आईच्या गळ्यात पडली, आत्याच्या, मावशीच्या. हिरव्या चुड्यानं भरलेले हात प्रत्येकीच्या पाठीवरनं फिरत होते. जोतीराम खाली पट्ट्यांकडं बघत होता, वर बघितलं तर हात चालला नसता. चाल चढली. सात, नऊ, दहा. तार ताणली, सूर उंबऱ्यापर्यंत गेला, थरथरला आणि खाली आला. बायकांचे हुंदके ऐकू आले. नवी पट्टी नवीच राहिली. त्याला वाटलं, ठीक आहे, पोरीच्या मागं आज काय कमी गडबड आहे का.

चाल पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला बांगड्यांचा आवाज अगदी जवळनं आला. स्नेहल गाड्याला टेकून उभी होती. मेंदीचा हात पुढं, बोट अकराच्या वर. दहा आलं आणि जोतीरामच्या अंगठ्यानं सवयीनं तार ओढली. तिनं बोट मागं घेतलं.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "जागा सोडा की."

ती जागा सापडल्यापासून त्याचा अंगठा तिथं कधीच मोकळा राहिला नव्हता. जिल्हाभर त्याचं नाव त्या अंगठ्यावर होतं. तिसऱ्यांदा चाल चढू लागली. हंबीररावनं ढोलावर हात थांबवला. सात. नऊ. दहावर जोतीरामचं बोट बसलं, आणि त्यानं अंगठा उचलून बाजूला धरला. मास्तरांसारखी क्षणभर शांतता झाली. मग स्नेहलनं पट्टी दाबली.

तो सूर कसा होता ते मला सांगता येणार नाही. साधाच होता. सरळ, पुरा, कुठं न थरथरणारा. पण कार्यालयाच्या अंगणात वऱ्हाडातलं एक माणूस हललं नाही. गाडीचा ड्रायव्हर दार धरून तसाच उभा. मास्तरांनी डोळे मिटून घेतले होते. स्नेहलचं बोट पट्टीवर होतं तोवर जोतीरामनं पत्ती थांबवली नाही, आणि ती काही लवकर बोट उचलेना. दोघंही एकमेकांकडं बघत नव्हती. शेवटी पूर्णिमानं येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा सूर सुटला आणि चाल खाली सातावर आली. गाडी फाटकातनं बाहेर पडेपर्यंत जोतीराम वाजवत राहिला.

आजही लोकांच्या लग्नात तो त्या जागेवर तार ओढतो, आणि बायका आजही रडतात. घरी मात्र तो तसं करत नाही. संध्याकाळी टॉवेल काढून बसतो, चाल धरतो, दहावर येतो, अंगठा उचलतो आणि जागा मोकळी सोडतो. तेवढ्यापुरता आतल्या खोलीतला पूर्णिमाच्या भांड्यांचा आवाजही बंद होतो.